तुह्या शर्टाच्या खिशातली वायर

दादा, तुहा डब्बा बोलून नाही राह्यला.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडवाचे बांबू उपसून नेले, अन् मी तुह्या खोलीत येऊन लॅपटॉप उघडला, डब्ब्याचं बटन दाबलं, तं तो त्याच्या त्या साहेबी आवाजात एकडाव "रेडी" म्हणला अन् गप झाला. मी लॅपटॉपच्या बटना दाबल्या, तू दाबे तशा. काहीच नाही. लॅपटॉप एकीकडं, डब्बा एकीकडं, अन् दोघायले जोडणारी मधातली वायर नाही. ती वायर कुठी गेली हे मले माहीत हाय अन् तुलेबी माहीत हाय, अन् त्याचाच मले राग हाय. माणूस मरते हे समजते. पण माणसानं जाताना वायर खिशात घालून न्यावं काय?

हसू नको. मी हसवाले नाही बोलून राह्यली.

गल्लीतल्या लोकायले वाटे तो रेडिओ होय. माय त्याले भुताचा डब्बा म्हणे. विटेएवढा काळा डब्बा, समोर जाळी, मागं जाड वायरीची जागा. तू समजावून सांगे, का लॅपटॉपात लिहिलेलं वाचणारा प्रोग्राम लॅपटॉपच्या पोटात राहते, पण माह्या लॅपटॉपचा गळा या डब्ब्यात हाय. आजकालच्या लॅपटॉपले सोताचा गळा राहते हेबी तूच सांगे. मंग हे जुनं लोढणं कायले बाळगते, मी इचारलं. तू म्हणे, "लॅपटॉपचा आवाज लॅपटॉपासंगच अडकते. ऐन कामात झोपते. हा डब्बा बोट ठेवलं का बोलते अन् बोट उचललं का गप बसते. घरात एवढं आयकणारं दुसरं कोण हाय?"

अन् माह्याकडं तोंड करून हसला. दिसत नव्हतं तरी बराबर माह्याकडं.

दुसरं कोण हाय म्हणे. मी होती ना. तुह्या डोळ्याचा पडदा सुकला तवा तू दहावीत अन् मी पाचवीत. तुले हात धरून शाळेत मी नेलं, तुह्या बारावीचा इतिहास मी वाचून दाखवला. त्यातले अर्धे शब्द मले येत नव्हते, अक्षराले अक्षर जोडून वाचत होती, अन् जांभई देल्ली का तू म्हणे, "रुपे, राजाले लढाईच्या मधात सोडून झोपली काय वं?" तुले वाचून दाखवता दाखवता माही शाळा मागं पडली, आठवीत सुटली, अन् घरात कोणाच्या ध्यानातबी नाही आलं. मंग तू नागपूरले गेला, वसतिगृहात राह्यला, कॉम्प्युटर शिकला, अन् येताना तुह्या म्हाताऱ्या सरायनं देल्लेला हा डब्बा घेऊन आला. मी चहा घेऊन दारात उभी राह्यली, का आता मले वाचाले बोलावन. तू बोट लावलं अन् तो वाचत सुटला. थकणं नाही, जांभई नाही. मी चहा ठेवला अन् अंदर गेली. त्या दिवसापासून तुले माही गरज नाही राह्यली. हे मी तुले कधी म्हटलं नाही. आता म्हणून राह्यली, आता तू मले टोमणा मारून गप नाही करू शकत.

तू ज्या कापसाच्या जिनिंगात कामाले होता, तिथल्या सेठनं मागच्या साली तुले नवा लॅपटॉप देल्ला. पातळ, पाटीसारखा. सगळे म्हणे वा वा. तू बोटानं त्याच्या कडा चाचपल्या अन् तुहं तोंड उतरलं, मी पाह्यलं. डब्ब्याची जाड वायर घुसवाले त्याले जागाच नव्हती. जिनिंगमधला पोट्टा म्हणे, काका आता फोनबी फुकट बोलते, डब्बा फेका. तू म्हणे, "फोन मले वाचून दाखवते. डब्बा मले काम करू देते." त्या पोट्ट्याले नाही समजलं अन् मलेबी नाही. तुनं वणीहून एक बोटभर वायर मागवली, एका तोंडानं जुन्याले धरे, दुसऱ्या तोंडानं नव्याले. अख्खा रविवार तू तिच्यासंग भांडला, जेवला नाही, अन् दिवस मावळता डब्बा बोलला तवा मायले हाक मारून भाकर मागतली. एकडाव माह्या लेकीनं, आरूनं, ती वायर खेळात नेली, भांड्यायपासून गोठ्यापर्यंत शोधाशोध झाली. तवापासून काम झालं का तू वायर काढे अन् शर्टाच्या खिशात ठेवे. झोपताबी तिथंच.

आरूचंच बोलाचं हाय मले. बाकीचं सगळं मी उगाच बोलून राह्यली, भेव वाटते म्हणून.

आरू संध्याकाळी उंबऱ्याले अडखळाले लागली तवा पहिले तुले समजलं. आमी दोघं मायबाप डोळे असून पाहत बसलो, अन् तू म्हणे, "रुपे, पोरीच्या पावलाचा आवाज बदलला, दवाखान्यात ने." मी तुह्यावर चिडली, का काहीही बोलते. मंग नेलं. डॉक्टरनं डोळ्यात औषध टाकलं, मशीनीत पाह्यलं, अन् मले इचारलं, नात्यात लगन हाय काय. मी मान हालवली. आतेभावाले देल्लं मले, आत्याच माही सासू, दोन गल्ल्या सोडून सासर, तवा सगळे खुश होते का पोरगी घरातल्या घरात राह्यली. डॉक्टर म्हणे, मामाचा जो आजार तोच. रात्रीचं पहिले जाईन, मंग बाजूचं, मंग बाकीचं. हळूहळू. किती हळू ते नाही सांगतलं. मी बाहेर येऊन आरूच्या बाबाले म्हटलं, चष्मा लागते म्हणे. त्यायलेबी माहीत होतं मी खोटं बोलली, पण त्यायनंबी मान हालवली.

तुले मात्र खरं सांगा लागलं. अन् तू काय केलं? दोन दिवसायनं मी तिले न्याले आली तं पोरीच्या डोळ्यावर माहीच ओढणी बांधेल, तिची बोटं लॅपटॉपच्या बटनायवर, अन् डब्बा एकेक अक्षर बोलून राह्यला, अन् तू मांडीवर ताल धरून बसेल. खुश. माह्या अंगात आगच लागली. मी ओढणी ओढली, तिच्या केसात अडकली, ती रडली.

मी म्हटलं, "अजून दिसते तिले. कायले आताच आंधळी करून राह्यला?"

तू म्हणे, "दिसते तोवरच शिकू दे. माहे डोळे गेले तवा हात रिकामे होते रुपे. साल दोन साल भिताडाले टेकून बसेल होतो."

"ते तुहं नशीब. माह्या पोरीले नको लावू."

हे मी बोलली. अन् मी वापस नाही घेत. ज्या माय-बाईले असं सांगतलं जाते का तुही लेक आंधळी होणार, ती असंच बोलन. तू माह्यापेक्षा शिकेल होता, तुले समजाले पाह्यजे होतं. मी तुहा हात धरला अन् आरूच्या डोक्यावर ठेवला, म्हटलं घे शपथ, हिले डब्ब्यासमोर बसवणार नाही. तुनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मंग म्हणे, "बरं. शपथ. डब्ब्यासमोर नाही बसवत."

अन् तू शपथ पाळली असं मी समजली. रोज पाहत होती ना. मी न्याले यायची तवा तू लॅपटॉपवर जिनिंगचं काम करत राहे, डब्बा कचकच करत राहे, अन् आरू तुह्या पाठीले पाठ लावून, तोंड दाराकडं करून, मांडीवर वही घेऊन बसेल. एक डब्ब्याकडं, एक दाराकडं. मले बरं वाटे. मी मनात म्हटलंबी, दादा कसाबी असला तरी पोरीच्या शपथेले जागला. पण आपलं बोलणं आखडलंच. तू माह्यासंग पहिल्यासारखा मजाक करत नव्हता, मीबी चहा ठेवून जात होती. आखाजीच्या सणाले पुरणपोळी आणली तवा तू म्हणे, "बस न घडीभर, तुह्यासंग बोलाचं हाय." मी म्हटलं घरी आत्या वाट पाहून राह्यली. कोणतं बोलाचं होतं ते तसंच राह्यलं. आता मले सांगते कोण?

मंग त्या सकाळी तुह्या छातीत कळ आली. गाडी येईपर्यंत तू खाटेवरच गेला. कोणाले काही सांगतलं नाही, मले तं नाहीच.

आपल्याकडची रीत तुले माहीत हाय. अंगावरचा शेवटचा कपडा, गादी, उशी, सगळं मोक्षधामाच्या कडेले टाकून यायचं, घरात वापस नाही आणायचं. तुले नवं धोतर नेसवलं, शर्ट काढला, गादीत गुंडाळला. मी कोपऱ्यात बसेल होती. मले खिसा दिसून राह्यलता, फुगेल. माह्या तोंडून निघालं का खिशात वायर हाय. माय एवढ्या रडण्यात बोलली, "मेल्या माणसाच्या खिशात हात घालू नये वं. राहू दे त्याचं त्याच्यापाशी." चार बाया हो हो म्हणल्या. एका शर्टाच्या खिशात दोन बोटं घालाची होती दादा. माहे हात उठले नाही. पोट्टे गादी उचलून घेऊन गेले.

तवा मले कुठी माहीत होतं का डब्बा लागन. माहीत पडलं ते तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. आरू नळावर पाणी भरत होती, भर दुपारी, अन् बाजूनं येणारी सायकल तिले दिसलीच नाही. लागलं नाही जास्त. पण बाजूचं जाईन म्हणे डॉक्टर, ते गेलं. मी तिच्या गुडघ्याले हळद लावली अन् माह्या मनात आलं, का हिले कोण शिकवन. मी? मले अक्षर जोडून वाचता येते फक्त. शिकवणारा एकच होता अन् त्याच्याशी मी भांडून बसेल होती, अन् तो निघून गेला.

मी मोक्षधामात गेली. हो, गेली. बाया जात नाही, मले माहीत हाय. विळा घेतला, गवताले जातो म्हणून सांगतलं. तुह्या गादीचा कापूस कुत्र्यायनं फाडून बाभळीच्या काट्यायवर पसरवेल होता, उशी होती, शर्ट नव्हता. कोण्या गरजवाल्यानं नेला असन, खिशातली वायर पाहून फेकली असन. मी गवत उचकलं, राखेच्या कडेनं पाह्यलं, कितीतरी वेळ वाकून वाकून. नाही भेटली. येताना गल्लीतल्या बाईनं पाह्यलं अन् माह्याआधी बातमी घरी.

आत्यानं दारातच थांबवलं. अंगावर पाणी घे म्हणे पहिले. मंग इचारलं, काय शोधाले गेलती. मी सांगतलं, दादाचा डब्बा चालू करून आरूसाठी आणाचा हाय. आत्याचा तसा माह्यावर जीव हाय, भाची होय तिची, पण तिचा चेहराच बदलला. म्हणे, "लॅपटॉप आण पाह्यजे तं. तो डब्बा या उंबऱ्याच्या अंदर नाही येणार. आंधळ्याची वस्तू घरात आणली तं पोरीच्या डोळ्यावर सावली पडन." मी विळा ठेवून अंदर गेली. तुले शपथ घ्याले लावली तवा माह्याबी मनात तेच होतं. आत्यानं फक्त तोंडानं म्हटलं.

वायरसाठी मी वणीले गेली. दुकानातल्या पोट्ट्यानं डब्ब्याच्या मागचं भोक पाह्यलं अन् दुसऱ्याले दाखवलं, दोघंबी हसले. "ताई, हे भंगारात द्या." मी म्हटलं, तुह्या घरी देईन भंगारात, पहिले वायर दे. शोधून देल्ली. बसमध्ये मी ती वायर पदराच्या गाठीत बांधून आणली. आपल्या घरी, तुह्या खोलीत येऊन जोडली. डब्बा म्हणे रेडी. अन् पुन्हा गप.

मले वाटलं तू रुसला.

मंग तुह्या फोनमधून रशीदभाईचा नंबर काढला. वसतिगृहातला तुहा दोस्त, यवतमाळले राहते, त्यालेबी दिसत नाही. तुही बातमी त्याले माहीत होती. पहिले तो रडला, मंग मी, मंग तो म्हणे बोला बहन, काय दिसून राह्यलं. मी म्हटलं, वरतं निळी पट्टी हाय, खाली पांढरं हाय, कोपऱ्यात पिवळं तिकोन. तो म्हणे, "रंग नका सांगू बहन, रंगाचं मी काय लोणचं घालू? अक्षरं सांगा."

तो सांगे ते बटन मी दाबत होती अन् एकेक इंग्रजी अक्षर वाचत होती, जसं तुह्या बारावीच्या टायमाले. आरू चटईवर बसेल होती. मले दर बटनाले भेव वाटे, का तुहं अंदरचं काही पुसून जाईन. मी वाचलं, सी, ओ, एम, अन् मंग सात. रशीदभाई म्हणे, थांबा. सापडलं.

तो सांगे, लॅपटॉप दर नव्या वायरले नवा नंबर देते, घराच्या नंबरासारखा. नवी वायर सात नंबरात राहाले आली. तुहा प्रोग्राम अजून तुह्या वायरचा तीन नंबर वाजवून राह्यला. दार वाजवते, कोणी बोलत नाही, तो उभाच. त्याले माहीतच नाही का तिथलं माणूस गेलं. "सात पुसा बहन, तीन करा."

मी तीन केलं. तं लॅपटॉपनं एक चौकोन सामने आणला. मी अक्षर अक्षर वाचून दाखवलं. रशीदभाईनं ते पुन्हा एकडाव वाचाले लावलं. मंग म्हणे, "तो इचारते, तीन नंबर दुसऱ्याच्या नावावर हाय, तरी घेता काय. जुन्या वायरच्या नावावर हाय तो. ती वायर आता नाही न?"

मी म्हटलं, नाही.

"मंग हो म्हणा."

हो दाबाले मले किती वेळ लागला ते मी नाही सांगत. तिरडी उचलली तवा मी एवढी रडली नव्हती. त्या एका नंबरावर तू अजून राहून राह्यलता, अन् ते माह्याच बोटानं पुसा लागलं. दाबलं.

अन् डब्बा बोलला दादा. बोलला म्हणजे काय, चरचरला. तव्यावर मोहरी तडतडते तसा. एक शब्द समजन तं शपथ. मी फोन जाळीपाशी नेला. रशीदभाई म्हणे, "बाप रे. एवढ्या स्पीडनं तं मीबी नाही आयकत. हा त्याचा सोताचा स्पीड होय." मी डोक्याले हात लावला. एवढं करून जे चालू झालं ते फक्त तुले समजणारं, अन् तू नाही. मले वाटलं फेकावं अंगणात.

तेवढ्यात आरू चटईवरून म्हणे, "आई, चार्जर लाव ना. बॅटरी संपून राह्यली म्हणते तो."

मी वळून पाह्यलं. ती डब्ब्याकडं पाहतबी नव्हती. तोंड दाराकडं होतं.

"तुले कसं समजलं?"

"आयकू येते ना."

"मामानं शिकवलं? डब्ब्यासमोर बसवून?"

"नाही," ती घाबरली, "समोर नाही बसवलं. मामाची शपथ होती. मी पाठीले पाठ लावून बसत होती. मामा बटन दाबे अन् माह्या पाठीवर कोपरानं टोचे, का सांग काय म्हणला. बराबर सांगतलं का दुसऱ्या दिवशी अखीन फास्ट करे."

रोज पाहत होती मी. दारात उभी राहून, माह्या डोळ्यानं. दोघायच्या पाठी एकमेकीले लागेल, मांडीवर वही. ते पाहून मले बरं वाटे.

तू मले फसवलं दादा. माह्याच लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द पाळला अन् मले फसवलं. आखाजीले हेच सांगाचं होतं काय, मले नाही माहीत. मी घडीभर बसली असती तरी भांडलीच असती. तुहं हे मी माफ नाही करत. अन् तू हे केलं नसतं तं आज मी काय केलं असतं, तेबी मले नाही माहीत. दोन्ही एकाच पोटात घेऊन बसली हाव.

मी चार्जर लावला. आरू सरकत डब्ब्यापाशी आली, समोर बसली, मी नाही थांबवलं. तिनं न पाहता दोन बटना दाबल्या अन् इचारलं, "तुह्यासाठी हळू करू का? मामा म्हणे आई आली तं हळू करजो, तिले सवय नाही."

मी म्हटलं, कर.

दिवस मावळाच्या आधी निघा लागलं, अंधारलं का तिले रस्ता दिसत नाही. लॅपटॉप पिशवीत, डब्बा माह्या काखेत, वायर आरूच्या फ्रॉकच्या खिशात, तिनंच मागून घेतली. दोन गल्ल्या तिनं माहा हात घट्ट धरला. आत्या उंबऱ्यावर उभी होती, लाइट लावून. तिनं पाह्यलं अन् इचारलं, "ते काखेत कोणाचं आणलं वं?"

तुहं नाव माह्या तोंडात आलतं.

मी म्हटलं, "आरूचं हाय," अन् पोरीले पुढं करून अंदर गेली.